१३ मिनिटांचं गाणं आणि रॉय हार्पर

पिंक फ्लॉइडचा १९७५ मधला 'विश यू वेअर हिअर' माझ्यापर्यंत आला तो कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेला, सोबत नावांचा कागद नसलेला. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीलाच 'हॅव अ सिगार' लागायचं. रेकॉर्ड कंपनीतला बडा साहेब बँडमधल्या पोरांसमोर सिगार धरतो, त्यांची तोंडभर स्तुती करतो आणि बोलण्याच्या ओघात विचारतो, तुमच्यातला पिंक कोण? बँडचं नाव पिंक फ्लॉइड, म्हणजे त्यात पिंक नावाचा कुणीतरी असणारच, अशी त्याची समजूत. ज्या गळ्यातून हे येतं त्यात लाडीगोडी आहे आणि तिच्या तळाशी साचलेली चीडही आहे. कितीतरी वर्षं मी तो गळा बँडमधल्या डेव्हिड गिल्मोरचा समजत होतो. तो गिल्मोरचा नाही, बँडमधल्याच रॉजर वॉटर्सचाही नाही. तो आहे रॉय हार्पर या इंग्लिश गायक-गिटारवादकाचा, आणि हार्पर त्या बँडमध्ये कधीच नव्हता.

हार्परबद्दल वाचायला गेलं की पहिल्याच ओळीत 'प्रोग्रेसिव्ह फोक' हा शब्द भेटतो. तो समजला तर हा माणूस समजतो, म्हणून आधी त्याबद्दल.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये लोकगीतांची नव्यानं आवड निर्माण झाली. पबच्या माडीवरच्या खोलीत आठवड्यातून एकदा मंडळी जमायची आणि खलाशांची, खाणकामगारांची, शेतावरची जुनी गाणी म्हणायची. या चळवळीतलं मोठं नाव इवन मॅकॉल. त्याच्या क्लबात शिस्त कडक होती: गायकानं आपल्या देशातलं, आपल्या भाषेतलं गाणं गावं. वारसा जपायचा तर हा आग्रह समजण्यासारखा होता, आणि त्यामुळे बरंच काही टिकलंही. पण १९६० नंतरच्या विशीतल्या पोरांच्या कानांत एकाच वेळी अमेरिकन ब्लूज, जॅझ, मोरोक्कोचं संगीत आणि रविशंकरांची सतार वाजत होती. त्यांनी गिटार लोकगीतांचीच घेतली, तिच्यावर वाजवलं मात्र वेगळं काहीतरी.

यातली कळीची गोष्ट गिटारच्या तारा लावण्याची आहे आणि ती मराठी कानाला चटकन उमगेल. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. डेव्ही ग्रॅहम नावाच्या वादकानं त्यांतल्या तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवल्या. झालं काय, तर डी, ए, डी, जी, ए, डी. आता डी ला सा धरून बघा: सा, प, सा, म, प, सा. बोट न टेकवता नुसता हात फिरवला तरी तानपुऱ्याच्या जवळ जाणारा नाद उठतो. शिवाय यात गंधार नाही. पाश्चात्त्य संगीतात गाणं 'मेजर' की 'मायनर' हे गंधार शुद्ध की कोमल यावर ठरतं. गंधारच नसेल तर गाणं दोन्हींच्या मध्ये तरंगत राहतं. खाली आधारस्वर चालू आणि वर एकच सुरावट फिरते आहे, अशी सोय झाली की दर दोन ओळींनी ठरलेल्या वळणावर परत येण्याची सक्ती उरत नाही. गाणं रेंगाळू शकतं, लांबू शकतं.

हे सगळं शिजत होतं लंडनच्या सोहो भागात, ग्रीक स्ट्रीटवरच्या एका तळघरात. 'ले कझिन्स' असं त्या क्लबाचं नाव. वर रेस्टॉरंट आणि खाली जेमतेम हवा असलेली खोली. शनिवारची मैफल पहाटेपर्यंत चालायची. बर्ट जान्श, जॉन रेनबोर्न, सँडी डेनी, जॅक्सन सी. फ्रँक, ॲल स्टुअर्ट, पुढे निक ड्रेक आणि जॉन मार्टिन, सगळे या जिन्यावरून उतरले. १९६५ च्या सुमारास हार्परही उतरला.

तो तिथवर सरळ वाटेनं आला नव्हता. जन्म १२ जून १९४१, मँचेस्टरमधला. तीन आठवड्यांचा असताना आई गेली. सावत्र आई यहोवा विटनेस पंथाची, कट्टर. धर्मसंस्थेबद्दलचा हार्परचा जन्मभराचा राग त्या घरातला आहे. पंधराव्या वर्षी तो घरातून सुटायला हवाई दलात भरती झाला आणि मग हवाई दलातून सुटायला वेडाचं सोंग घेतलं. सोंग अंगाशी आलं. डॉक्टरांनी त्याला विजेचे झटके दिले आणि पुढे काही काळ मनोरुग्णालयातही काढावा लागला. नंतर तो उत्तर आफ्रिकेत आणि युरोपभर रस्त्यावर गिटार वाजवत फिरला. जॉन कीट्सच्या कविता आणि लेडबेलीचे ब्लूज ही त्याची शाळा.

आता लांबीचा मुद्दा, कारण हार्परचं सगळं भांडण तिथेच आहे.

गाणं तीन मिनिटांचंच का असतं? त्याचं उत्तर कानात कमी आणि यंत्रात जास्त आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. पुढे छोट्या ४५ फेऱ्यांच्या 'सिंगल' रेकॉर्ड आल्या तरी सवय तीच राहिली. रेडिओनं तीच उचलली आणि कंपन्यांनी तिचाच धंदा केला. वास्तविक एलपी ही मोठी तबकडी १९४८ मध्येच आली होती आणि तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं सहज बसत होती. म्हणजे जागा होती, पण त्या जागेत सहा वेगवेगळी गाणी भरायची पद्धत पडून गेली होती.

हार्परनं ती जागा एकेका गाण्याला द्यायला सुरुवात केली. १९६८ च्या रेकॉर्डवर 'सर्कल' हे दहा मिनिटांहून मोठं गाणं आलं. १९६९ मध्ये 'मॅगूहन्स ब्लूज' आलं, ते अठरा मिनिटांच्या घरात. 'द प्रिझनर' या टीव्ही मालिकेतल्या पॅट्रिक मॅगूहनवरून त्याला ते सुचलं होतं. कंपन्यांना त्याच्याकडून हिट हवं होतं, आणि हा माणूस एका गिटारीवर समाज, शाळा, चर्च, सरकार सगळ्यांची झाडाझडती घेत बसला होता. तशी मोठी गाणी बॉब डिलननंही केली होती. पण डिलनच्या लांब गाण्यात चाल एकच असते आणि कडव्यांमागून कडवी येतात. हार्परची गाणी चालता चालता रूप बदलतात. लय बदलते, सप्तक बदलतं, नवाच भाग उघडतो आणि मागच्या भागातला एखादा तुकडा वेगळ्या कपड्यांत परत येतो. 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात ते याला.

१९६९ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं अशा वेगळ्या संगीतासाठी 'हार्वेस्ट' नावाची शाखा काढली. पिंक फ्लॉइडही तिथेच होते. त्यांचा आधीचा व्यवस्थापक पीटर जेनर हा हार्परचा निर्माता झाला. १९७० मध्ये 'फ्लॅट बरोक अँड बर्सर्क' आला. त्यातलं 'आय हेट द व्हाइट मॅन' त्यानं त्याच सोहोच्या तळघरात, श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित केलं. गोऱ्या माणसानं गोऱ्या सत्तेवर इतकं थेट गाणं तेव्हा धाडसाचं होतं आणि आजही ऐकताना अंगावर येतं.

आणि मग १९७१ मधला 'स्टॉर्मकॉक'. हा एका पक्ष्याचा जुना इंग्रजी शब्द आहे. मिसल थ्रश हा पक्षी वादळी हवेतही झाडाच्या शेंड्यावर बसून गातो, म्हणून त्याचं हे नाव पडलं. अख्ख्या अल्बमवर चार गाणी आहेत, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. ढोलकं नाहीत, मागे बँड नाही. बहुतेक वेळ एक गिटार, एक आवाज, आणि स्टुडिओत थरावर थर चढवलेला तोच आवाज.

पहिलं गाणं न्यायाधीशावर सुरू होतं आणि समीक्षकाकडे वळतं. उंच खुर्चीत बसून निकाल देणारे दोघे. दुसरं, 'द सेम ओल्ड रॉक', साडेबारा मिनिटांचं, धर्माच्या नावानं चालत आलेल्या रक्तपातावर. यात दुसरी गिटार लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेजची आहे. कराराच्या अडचणीमुळे मुखपृष्ठावर त्याचं नाव 'एस. फ्लेव्हियस मर्क्युरियस' असं टोपणनाव घालून छापलं. दोन साध्या गिटारी एकमेकींना खेचत, सोडत चालतात, आणि शेवटी हार्परचे अनेक आवाज एकमेकांवर येऊन आदळतात. विजेची एक तार नाही, तरी रॉकचं सगळं वजन त्यात आहे. तिसरं गाणं युद्धावर आणि हिंसेवर.

चौथं 'मी अँड माय वुमन'. हे १३ मिनिटांचं. कुणी मला विचारलं की हार्परचं एकच गाणं ऐकायचं तर कुठलं, तर मी हेच सांगतो. सुरुवात अगदी घरगुती, सकाळच्या उजेडातलं जोडपं. मग डेव्हिड बेडफर्डनं रचलेला वाद्यवृंद आत येतो. बेडफर्ड हा शास्त्रोक्त शिक्षण घेतलेला संगीतकार. त्यानं तंतुवाद्यं गिटारच्या मागे नुसती अंथरली नाहीत. हार्पर श्वास घेतो त्या फटीत ती शिरतात आणि तो परत गायला लागला की बाजूला होतात. गाणं प्रेमातून बाहेर पडून माणूस पृथ्वीचं काय करतो आहे तिकडे जातं, पुन्हा घरात येतं, पुन्हा बाहेर पडतं. पहिली चाल परत येते तेव्हा ती तीच असते, पण मधल्या प्रवासामुळे आपले कान बदललेले असतात. तीन मिनिटांत हे होऊच शकत नाही. परत येण्यासाठी आधी लांब जावं लागतं.

कंपनीला त्यातून एकही सिंगल काढता येईना. जाहिरात जवळजवळ झाली नाही, हे दुःख हार्परनं पुढे अनेकदा बोलून दाखवलं. खपही बेताचाच होता. पण ज्यांनी ती रेकॉर्ड घेतली त्यांत गिटार वाजवणारे फार होते, आणि हार्परचा प्रभाव पसरला तो त्यांच्यामार्फत.

जिमी पेजचं उदाहरण घ्या. १९७० च्या बाथ महोत्सवात हार्परनं 'ब्लॅकपूल' ही नुसत्या गिटारवरची रचना वाजवली आणि पेजनं त्याला गाठून ती कशी वाजवतोस म्हणून विचारलं. काही महिन्यांनी हार्पर झेपेलिनच्या ऑफिसात गेला असताना पेजनं नवाकोरा तिसरा अल्बम हातात ठेवला. त्या मुखपृष्ठाच्या आत पुठ्ठ्याचं एक चाक होतं. ते फिरवलं की खिडक्यांतली चित्रं बदलायची. हार्परनं चाक फिरवलं, छान आहे म्हणाला आणि रेकॉर्ड काखेत मारली. पेज म्हणाला, नीट बघ. हार्परनं पुन्हा चाक फिरवलं. पेज पुन्हा म्हणाला, बघ तरी. तेव्हा कुठे त्याला शेवटच्या गाण्याचं नाव दिसलं: 'हॅट्स ऑफ टू (रॉय) हार्पर'. जगातला सर्वांत मोठा रॉक बँड एका तळघरात गाणाऱ्या माणसापुढे टोपी काढत होता, आणि ते छापून.

'हॅव अ सिगार'ची हकिगतही अशीच शेजारधर्माची आहे. १९७५ मध्ये ॲबी रोडच्या एका स्टुडिओत फ्लॉइड होते आणि दुसऱ्यात हार्पर स्वतःच्या 'एचक्यू' अल्बमवर काम करत होता. वॉटर्सचा गळा 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' गाऊन बसला होता, आणि गिल्मोरला ते शब्द गायचे नव्हते. हार्पर म्हणाला, मी गातो, पण बिदागी लागेल. काय हवं? लॉर्ड्स मैदानाचा तहहयात पास. तो पास काही आला नाही, असं हार्परनं पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. मला त्या गाण्यात हार्परच योग्य वाटतो. रेकॉर्ड कंपन्यांच्या साहेबांशी तो दहा वर्षं झगडत होता. साहेबाचा तो गोड सूर त्यानं प्रत्यक्ष ऐकला होता, म्हणून त्याच्या तोंडी तो खरा उतरला.

लॉर्ड्सचा पास मागणारा माणूस क्रिकेटवेडा असणार हे उघड आहे. 'एचक्यू'च्या शेवटी 'व्हेन ॲन ओल्ड क्रिकेटर लीव्हज द क्रीझ' आहे. खेळावर इतकं शांत गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही. दिवसाचा खेळ संपला आहे, चेंडू पंचांच्या खिशात गेला आहे. म्हातारा खेळाडू क्रीझ सोडून निघतो, पण तो खरंच गेला का, हे कळत नाही. कधीतरी सिली मिड-ऑनला बारावा खेळाडू उभा असल्याचा भास होतो. तो जेफ असेल, जॉन असेल, आणि गाणं संपता संपता कळतं की तो मी असेन किंवा तू असशील. क्रिकेटचं गाणं हळूच मरणाचं गाणं होतं, आणि 'मरण' असं जोरानं म्हणावं लागत नाही.

हा जेफ म्हणजे जेफ्री बॉयकॉट आणि जॉन म्हणजे जॉन स्नो. स्नो हे नाव आपल्याला अनोळखी नाही. १९७१ च्या जुलैमध्ये लॉर्ड्सवर चोरटी धाव घेणाऱ्या सुनील गावसकरला धक्का देऊन पाडणारा इंग्लंडचा वेगवान गोलंदाज तो हाच. त्या वागण्यासाठी त्याला पुढच्या कसोटीतून वगळलं होतं, आणि ती मालिका अजित वाडेकरच्या संघानं जिंकली. हा स्नो कविता लिहायचा, त्याचे संग्रहही निघाले. गाणं आलं तेव्हा बॉयकॉट आणि स्नो दोघंही अजून निवृत्त झालेले नव्हते. हार्परनं त्यांना आधीच आठवणींत नेऊन बसवलं.

या गाण्यात गिटारला साथ आहे यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्प कोळसा खाणीच्या ब्रास बँडची. रचना पुन्हा बेडफर्डचीच. आपल्याकडे ब्रास बँड म्हटला की वरात आठवते. ग्राइमथॉर्पचा बँड खाणकामगारांच्या वस्तीतला होता, आणि उत्तर इंग्लंडमध्ये खाणीच्या गावाला आपला बँड असणं ही इभ्रतीची गोष्ट. हार्परनं लोकगीतात कारागिरी वाढवली खरी, पण या ठिकाणी त्यानं लोकांचंच वाद्य लोकगीतात परत आणलं. तुताऱ्या फार हळू येतात. मैदानावर संध्याकाळचं ऊन लांबत जावं तशा त्या गाण्यावर पसरतात.

सगळंच असं जमलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९७३ च्या 'लाइफमास्क'वर एक अख्खी बाजू 'द लॉर्ड्स प्रेयर'ला दिली आहे, वीस मिनिटांच्या वर. रक्ताभिसरणाच्या गंभीर आजारामुळे ही आपली शेवटची रेकॉर्ड असेल असं त्याला वाटत होतं, म्हणून त्यात त्यानं सगळंच ओतलं. मला ते पेलत नाही. लांबी ही सवय झाली की तीसुद्धा तीन मिनिटांच्या चौकटीइतकीच आंधळी होते. उलट त्याचं 'अनदर डे' जेमतेम तीन मिनिटांचं आहे. जुनी प्रेयसी भेटते, किटली चढवलेली असते, ती फुलांच्या ट्रेमधून चहा देते, आणि जे बोलायचं ते दोघंही बोलत नाहीत. मुद्दा लांबीचा नव्हताच, गाण्याला हवी तेवढी जागा देण्याचा होता.

'अनदर डे' नंतर इतरांनी उचललं. १९७९ च्या नाताळात गायिका केट बुशनं आपल्या बीबीसीवरच्या कार्यक्रमात ते पीटर गॅब्रिएलबरोबर गायलं, आणि १९८४ मध्ये धिस मॉर्टल कॉइल या गटासाठी एलिझाबेथ फ्रेझरनं. बुशच्या 'ब्रीदिंग'मध्ये मागे हार्पर गातो, आणि हार्परच्या 'यू'मध्ये बुश. १९७७ च्या त्याच्या रेकॉर्डवर पॉल आणि लिंडा मकार्टनी साथीला आहेत. जेथ्रो टल या बँडच्या इयन अँडरसननं त्याचं ऋण उघडपणे मानलं आहे. स्वतः हार्पर मात्र हळूहळू बाजारातून बाजूला पडत गेला. नव्वदच्या दशकात त्यानं 'सायन्स फ्रिक्शन' या स्वतःच्या लेबलवर जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढायला सुरुवात केली. मुक्काम आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात हलवला.

२००६ मध्ये जोआना न्यूसम या अमेरिकन हार्पवादक गायिकेचा 'ईस' आला. त्यात पाचच गाणी होती, बहुतेक दहा मिनिटांच्या आसपासची किंवा मोठी, आणि भोवती वाद्यवृंद. तिच्यासमोर नमुना होता 'स्टॉर्मकॉक'चा. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिनं आपल्या मैफलीआधी हार्परला गायला बोलावलं. त्यानं तिथे 'स्टॉर्मकॉक'ची चारही गाणी सलग गायली. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता. ज्या रेकॉर्डची जाहिरात झाली नव्हती ती ३६ वर्षांनी भरल्या सभागृहात पूर्ण ऐकली गेली.

त्याआधी तीन वर्षं, ऑक्टोबर २००४ मध्ये, बीबीसीचा निवेदक जॉन पील वारला. रेडिओवर कुणी लावत नसलेली गाणी आयुष्यभर लावणारा हा माणूस. हार्परला तो पहिल्यापासून मानायचा. त्या दिवसांत बीबीसीतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी श्रद्धांजली म्हणून त्या म्हाताऱ्या क्रिकेटपटूचं गाणं लावलं. सात मिनिटांचं ते गाणं रेडिओवरून ब्रिटनभर गेलं.